डावा मागचा पाय

अश्रीला पाय चार आणि मालकही चार. पुढचा उजवा सकीनाचा, पुढचा डावा दहिबाचा, मागचा उजवा म्हाताऱ्या सालेहचा आणि मागचा डावा नबराचा. नील नदीच्या त्या काठाला गाय अशीच असायची. अख्खी गाय एकट्यानं बाळगावी एवढी वैरणच कुणाकडे नसायची. आणि असती, तरी चारचौघांत ‘माझी गाय’ असं म्हणायला माणसाची जीभ रेटली नसती. ते बोलणं उर्मटपणाचं. आपण म्हणायचं, ‘माझा पाय.’ दूध पाळीनं, वैरण पाळीनं, रहाटाला जुंपायची तीही पाळीनं. वासरू झालं तर त्याचेही पाय तसेच वाटले जायचे.

नबराचा पाय तिला आईकडून आला होता. गाय बांधलेली असायची मात्र तिच्याच अंगणात, कारण त्या चौघांत रिकामं अंगण तेवढं तिचंच होतं. तिच्या नवऱ्यानं, बशीरनं, लग्नाच्या वर्षी हौसेनं मोठं घर बांधलं, भिंतीत चिनी मातीच्या निळ्या बशा बसवल्या, आणि दुसऱ्या महिन्यात अलेक्झांड्रियाला एका साहेबाच्या घरी स्वयंपाकी म्हणून निघून गेला. गावातले सगळेच पुरुष असे जायचे. कुणी स्वयंपाकी, कुणी दारवान. ते परतही यायचे. बशीर शेवटचा आला त्याला अकरा वर्षं झाली होती. तेव्हा तो चाळीस दिवस राहिला, दाराचं बिजागर नीट केलं आणि गेला. वर्षातून एकदा टपालाच्या बोटीनं चहा, साखर आणि कापड यायचं. पोरबाळ नव्हतं. नबरा बोलायची ती गाईशी, आणि खरं सांगायचं तर ती मालकीण एकाच पायाची, पण जीव तिचा चारही पायांत अडकला होता.

तीन-चार वर्षांपूर्वी मोजणीचा कारकून आला होता. खाली उत्तरेला, अस्वानजवळ, मोठं धरण व्हायचं होतं. त्यातून शेतांना बारमाही पाणी जाणार, वीज निघणार, सगळा देश उजळणार, असं तो प्रत्येक दारात सांगत होता. इथल्या घरांच्या माथ्यावरून पाणी जाणार हे त्यानं एकदाच सांगितलं, तेही खाली बघून.

“घरात माणसं किती?” त्यानं नबराला विचारलं.

“एक.”

“आणि नवरा?”

“अलेक्झांड्रियात.”

“मग तो धरता येत नाही. हजर असेल तोच धरायचा. जनावर?”

“गाय नाही बाबा. एक पाय आहे.”

कारकुनानं घाम पुसला आणि शून्य लिहिलं. शेजारी सकीनाकडे गेला, तिनंही तेच सांगितलं. दहिबानं तेच, सालेहनं तेच. चौथ्या दारात त्यानं वही मिटली आणि म्हणाला, “तुमच्या गावात लंगड्या गाई फार दिसतात.” सगळे पोट धरून हसले. अश्री तेव्हा अंगणात उभी राहून त्याच्या वहीकडे बघत रवंथ करत होती. तिच्याकडे बोट दाखवून ‘ही माझी’ असं म्हणायची बुद्धी कुणाला झाली नाही.

त्या हसण्याचा अर्थ कळायला गाव सोडायचा हिवाळा उजाडावा लागला.

निघायला दहा दिवस राहिले होते. आता पेरू नका, असं सांगून झालं होतं, पण उभी ज्वारी टाकून कोण जाणार? नबरा पहाटेपासून विळा घेऊन कापत होती. कणसं वेगळी, कडबा वेगळा. पाठ मोडून यायची. ऊन चढल्यावर ती अश्रीला रहाटाला जुंपायची. गाईच्या डोळ्यांवर खजुरीच्या पात्याच्या विणलेल्या झापडी बांधायच्या, पाठीवर एक थाप मारायची, की ती आपली गोल गोल चालू लागायची. लाकडी चाकं कण्हायची, गाडगी भरून वर यायची, पाणी पाटाला लागायचं. नबरा चिखलात उभी राहून दारं धरायची. चवळीला अजून फुलं होती.

म्हातारा सालेह रहाटाचा कारभारी. तो बांधावर बसून हे बघत होता.

“कुणासाठी भिजवतेस गं? माशांसाठी?” तो म्हणाला.

“तहानली आहे ती. आज तहानलीय, आज देते.”

“महिन्यात एवढं पाणी मिळेल तिला की पुरे पुरे म्हणेल.”

“तेव्हाचं तेव्हा. तुम्ही चाकाला तेल घाला आधी. किती ओरडतंय.”

“ओरडू दे. मीही ओरडलो असतो, पण दम लागतो,” सालेह म्हणाला, आणि तेलाची बुधली घेऊन उठला.

त्याच दिवशी दुपारी बोटीवरून साहेब उतरला आणि मशिदीच्या सावलीत टेबल मांडून बसला. ज्याच्या त्याच्या हातात नव्या घराची चिठ्ठी पडत होती. वाचायला गावात फारसं कुणी नव्हतं, म्हणून सकीनाचा मुलगा मिरगनी सगळ्यांच्या चिठ्ठ्या वाचत होता. तो सुएझला नोकरीला होता, आईला हलवायला म्हणून रजा काढून आला होता.

“नबरा मावशी, तुला एक खोली,” तो म्हणाला.

“एक? आणि तुम्हाला?”

“चार. माणसं बघून खोल्या दिल्यात. चार खोल्यावाले एकीकडे, तीनवाले एकीकडे. एकट्यांची ओळ निराळी, गावाच्या पार कडेला.”

“म्हणजे सकीना माझ्या शेजारी नाही?”

मिरगनीनं चिठ्ठी उलटसुलट केली. “अर्ध्या तासाची चाल असेल,” तो म्हणाला, आणि लगेच दुसऱ्याची चिठ्ठी घेतली.

नबरा उभीच राहिली. तीस वर्षं तिनं आणि सकीनानं एकाच भिंतीच्या दोन बाजूंनी भाकऱ्या थापल्या होत्या, भांडणंही त्या भिंतीवरूनच केली होती. आता आपल्याला कुणी विचारलंसुद्धा नाही, याचं तिला फार वाईट वाटलं. पण मागून रेटारेटी होत होती, तेव्हा तिनं जनावरांच्या रांगेत पाय टाकला.

साहेबानं यादीवर बोट फिरवलं. “गाय? या चार घरांपुढं गाय नाही. शून्य, शून्य, शून्य, शून्य.”

“अहो, ती काय उभी आहे,” दहिबा म्हणाली. तिच्या काखेत एक मूल होतं आणि पदराला दोन.

“उभी असेल. यादीत नाही. जनावरांच्या पडावावर, त्या सपाट बोटीवर, यादीतलंच जनावर चढतं, मालकाच्या नावानं चढतं आणि मालकाच्या दारात उतरतं. एक नाव सांगा, मी आत्ता लिहितो. गाय कुणाची?”

चौघंही जमिनीकडे बघू लागले. साहेबानं पुन्हा विचारलं. सालेह खाकरला.

“पाय विचारलात तर सांगता येईल,” तो म्हणाला.

“पायाला चिठ्ठी मिळत नाही, आजोबा. उद्या सकाळपर्यंत एक नाव द्या. नाहीतर इथंच राहील ती.”

इथंच म्हणजे काय, ते सांगायची गरज नव्हती.

दिवस कलायच्या आत चौघं नबराच्या अंगणात जमले. अश्री कडब्यात तोंड घालून उभी होती.

“कापू या,” दहिबानं सरळ सांगून टाकलं. “चार पाय, चार घरं. भांडण नको, नाव नको. पोरांच्या पोटात तरी जाईल.”

“दूध देणारी गाय कापतात का?” सालेह म्हणाला. “मी माझा पाय सोडतो. मी चाललो लेकीच्या घरी, तिथं जावई मलाच बांधायला जागा शोधतोय.”

मागून घ्यायची नबराला सवय नव्हती. तरी ती म्हणाली, “माझ्याकडे राहू दे की. इतकी वर्षं राहिलीच आहे. दूध मी रोज घरोघर पोचवीन.”

“एका खोलीत?” सकीना हसली. तिची जीभ आधीपासूनच तिखट. “तू खाटेवर आणि ती खाटेखाली? की पाळीनं झोपणार आहात?”

दहिबाही हसली. नबरा हसली नाही.

“अर्ध्या तासाच्या वाटेनं दूध आणणार ही! मला दारात गोठा दिलाय त्यांनी,” सकीना पुढं म्हणाली. “माझ्या नावानं चढवू. पडावावर चढली तर जगेल. तुझ्या हट्टापायी बुडवायची आहे का तिला?”

सकीनाचं बरोबर होतं, आणि बरोबर होतं म्हणूनच नबराला ते जास्त झोंबलं.

पाय सोडायची रीत साधी होती. नदीचं ओंजळभर पाणी त्या पायावर ओतायचं, आणि घेणाऱ्यानं ‘पोचलं’ म्हणायचं. घागर आणली. सालेहनं वाकून ओतलं, सकीना म्हणाली, “पोचलं.” दहिबानं कुरकुरत ओतलं, सकीना म्हणाली, “पोचलं.” मग नबरा वाकली. मागच्या डाव्या पायाला खुराच्या वर एक जुना व्रण होता, रहाटाच्या दांड्याचा. त्या व्रणावरून पाणी ओघळून मातीत गेलं. तिनं मान वर केली, तर सकीनाचं लक्षच नव्हतं. तिनं पाठ फिरवली होती आणि आपल्या सुनेवर ओरडत होती की कोंबड्यांचं खुराडं कुणी उघडं टाकलं. ओरडत ओरडत ती निघूनही गेली. बाकीचेही गेले.

एवढासुद्धा मान ठेवला नाही माझा, असं नबराच्या मनात आलं. रिकामी घागर तिनं उचलून ठेवली.

दुसऱ्या दिवशी साहेबानं विचारलं, “गाय तुझी?” तेव्हा सकीनाचा चेहरा तांबडा झाला.

“माझीच समजा.”

“समजा नाही. तुझी की नाही?”

“लिहा हो तुम्हाला लिहायचं ते,” ती वसकन् म्हणाली. त्यानं लिहिलं.

निघायच्या सकाळी नबरानं घर झाडलं. गाईची जागाही झाडली, शेण भरून टाकलं, का ते तिचं तिलाच ठाऊक. मग कुलूप लावून लाकडी किल्ली कमरेला खोवली आणि काठावर आली. तिथं वेगळाच गोंधळ. अश्री फळीवर पाय ठेवायला तयार नव्हती. मिरगनी दाव्याला लोंबकळत होता, दोन खलाशी मागून रेटत होते, एकानं शेपूट पिरगाळलं. गाय फुरफुरत होती, तिचे डोळे पांढरे झाले होते. लोक बोटीवरून सल्ले देत होते. सकीना काठावर उभी राहून पोराला शिव्या देत होती. नबराला तिनं बघितलं, पण हाक मारली नाही.

“सोडा तिला,” नबरा म्हणाली.

तिनं बोचक्यातून झापडी काढल्या. त्या रहाटावर टाकून येववलं नव्हतं तिला. त्या तिनं अश्रीच्या डोळ्यांवर बांधल्या, पाठीवर नेहमीची थाप मारली आणि काठावरच्या वाळूत तिला एक वेढा फिरवली. दुसरा फिरवली. गाईचा श्वास खाली बसला. ती कामाला लागली होती. तिसऱ्या वेढ्याला नबरानं तिला अलगद फळीकडे वळवली, आणि अश्री रहाट ओढायला निघाल्यासारखी सरळ पडावावर चढली.

“वा मावशी!” मिरगनी म्हणाला.

नबराला स्वतःची किळस आली. आजवर तिनं त्या गाईला कधी फसवलं नव्हतं. ती खाली उतरली आणि बायकांच्या बोटीत, कठड्याला पाठ लावून बसली.

धरणाच्या पलीकडे, अस्वानच्याही उत्तरेला, कोम ओम्बोच्या माळावर नवं गाव होतं. घरं सिमेंटची, एकाला एक चिकटलेली, सगळी एका रंगाची. नदी नव्हती. नदी कोसभर दूर पश्चिमेला होती, म्हणे. कालवा होता, त्यातून धरणाचं पाणी येणार आणि सगळ्यांनी ऊस लावायचा. विजेचे मोठमोठे खांब गावावरून पुढं उत्तरेकडे उभे राहत होते. गावासाठी एकही खांब नव्हता.

एकट्यांच्या ओळीत बारा दारं होती. बाराही दारांत म्हाताऱ्या, कुणी या गावची, कुणी त्या गावची, काहींची बोलीही निराळी. सरकारनं एकेकटी वेचून एका ओळीत मांडली होती, पण एकत्र ठेवल्यानं एकटेपण काही कमी होत नव्हतं. प्रत्येकीला आपली जुनी शेजारीण हवी होती, ही नको. दारं बंदच असायची. भिंत इतकी पातळ की पलीकडच्या बाईचा खोकला नबराला पाठ झाला. सकाळी कोरडा, दुपारी ओला. चेहरा मात्र तिनं पाहिला नव्हता. रोज एक आगगाडी माळावरून शिट्टी वाजवत जायची. अलेक्झांड्रिया आता बोटीच्या प्रवासाइतकं लांब राहिलं नव्हतं. गाडीत बसलं की माणूस दुसऱ्या दिवशी दारात. पहिले पंधरा दिवस शिट्टी वाजली की नबरा पदर सारखा करायची. मग तिनं ते सोडलं. बशीरला जी सबब होती तीही धरणानं बुडवली, आणि तो आला नाही तो नाहीच.

रोज सकाळी ती अर्धा तास चालत सकीनाकडे जायची. तिथं गोठ्याच्या खांबाला अश्री बांधलेली असायची, आणि त्या खांबाभोवती फिरत असायची. कुणी जुंपलेलं नाही, झापडी नाहीत, रहाट नाही. तरी गोल, सारखी गोल. दावं खांबाला गुंडाळत जाऊन मान आखडली की उभी राहायची. नबरा ते उलटं सोडवायची, की गाय पुन्हा सुरू. हिरवं काही नव्हतं. वाटपाचा भुसा मिळायचा, तोही धुळीचा. अश्री भिंतीचं सिमेंट चाटायची. तिच्या बरगड्या दिसू लागल्या. दूध आटलं.

एक दिवस सकीनाची सून दारातूनच म्हणाली, “मावशी, रोज रोज कशाला उन्हात तंगडतोड करता? आम्ही आहोत की बघायला.”

सून कदाचित मायेनंही बोलली असेल. सकीना घरात होती, आजारी नातवाला मांडीवर घेऊन. तिनं आतून हाक मारली नाही. नबरानं दावं सोडवलं, हात झटकले आणि परत फिरली. सोडलेला पाय आपण रोज मागायला जातो असं दिसतंय, असं तिला वाटलं. लाजेनं तिचे कान तापले. त्यानंतर ती गेली नाही.

मग दिवसच दिवस. पाणी आणायचं, भाकरी करायची, तीही एकच. पलीकडचा खोकला ऐकायचा. कधी कधी दोन दोन दिवस तिचा आवाज तिनं स्वतःच ऐकलेला नसायचा.

वैशाखासारखं ऊन पेटलं होतं, तेव्हा एका सकाळी तिच्या दारावर कुणी थापा मारल्या. उघडलं, तर बाहेर सकीना. डोक्यावर कापडात गुंडाळलेलं लांबडं ओझं, चेहरा घामानं निथळलेला, ओढणीवर ओला डाग.

“आत घे आधी,” ती म्हणाली. “मान मोडली माझी.”

तिनं ओझं उतरवून परातीत ठेवलं आणि भिंतीला टेकून बसली. नबरानं पाणी दिलं. सकीना ते एका दमात प्यायली.

“पहाटे बसली ती उठलीच नाही,” सकीना म्हणाली. “पाय झाडायला लागली. मिरगनी पोरासाठी पुन्हा रजेवर आलाय, जीव होता तोवर त्यानं अल्लाचं नाव घेऊन सुरी फिरवली. काय करणार? तशीच मेली असती तर मातीच झाली असती.”

नबरानं परातीतल्या ओझ्याकडे बघितलं.

“सालेहचा पाय त्याच्या लेकीकडे पाठवला नाही. दहिबालाही नाही,” सकीना म्हणाली. “त्यांनी सोडले होते.”

“सोडला तर मीही होता.”

“तू पाणी ओतलंस. मी कुठं ‘पोचलं’ म्हटलं?”

नबरानं तिच्याकडे बघितलं. सकीनानं नजर दुसरीकडे वळवली, ती त्या दिवशी वळवली होती तशीच.

“आठव की. मी कोंबड्यांच्या नावानं ओरडत होते. कोंबड्या तर आदल्याच दिवशी विकल्या होत्या, मेले!” सकीना म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. “चार महिने तुझा पाय माझ्या दारात उभा होता. तू येईनाशी झालीस तर मला वाटलं, रागावली. पोर आजारी, मला यायला होईना. आता घे तुझं तुला. मी निघते, पोराजवळ सून एकटीच आहे.”

“थांब, थोडं तरी ने.”

“तुझं मी कशाला नेऊ?” सकीना म्हणाली. तिनं नबराच्या खांद्यावर हात ठेवला, जरा दाबला, आणि उन्हात निघून गेली. नबरा दारातून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली.

मग तिनं कापड उलगडलं. डावा, मागचा. खूर तसाच होता आणि खुराच्या वर रहाटाच्या दांड्याचा व्रण. नबरा खाली बसली आणि हमसून हमसून रडली, गाव सुटताना रडली नव्हती तेही सगळं रडली. भिंतीपलीकडचा खोकला थांबला होता.

पण ऊन चढत होतं, आणि मांस काही थांबत नाही. एकट्या बाईला गाईचा पाय जन्मात संपायचा नव्हता. तिनं तोंड धुतलं, विळा धुतला आणि कापायला बसली. खूर तेवढा बाजूला ठेवला. वाटे करताना हात आपोआप चार करायला गेला. ती थांबली, दारं मोजली आणि बारा केले. एक आपला. परात डोक्यावर घेऊन ती बाहेर पडली आणि सगळ्यात आधी पलीकडचं दार ठोठावलं.

दार उघडायला वेळ लागला. बुटकी, एका डोळ्यात फूल पडलेली म्हातारी होती. खोकल्यावरून नबराला ती उंच वाटली होती.

“तूच का गं मघाशी रडत होतीस?” म्हातारीनं विचारलं. तिची बोली निराळी होती, पण कळत होती.

“हो.”

म्हातारीनं परातीत डोकावून बघितलं. “एवढं मटण! नवरा आला वाटतं तुझा?”

“नाही.”

“मग कुणी दिलं? सरकारनं?”

“कुणी दिलं नाही,” नबरा म्हणाली, आणि सगळ्या जन्मात जे तिच्या तोंडून कधी निघालं नव्हतं, त्या गावात कुणाच्याच तोंडून निघालं नव्हतं, ते तिनं त्या अनोळखी दारात उभं राहून मोठ्यानं सांगितलं.

“माझी गाय होती.”